वेग थकून येत नाही

पोलीस भरतीचे वारे वाहू लागले, की बारामती-इंदापूर पट्ट्यातले रस्ते पहाटेच जागे होतात. वरकुट्यासारख्या गावांत उसाच्या कडेने, डांबरी रस्त्यावर मुले घाम गाळतात. मेहनतीत कोणी कमी नसतो. पण १०० मीटरची तयारीही बरीच मुले दम लागेपर्यंत रोज धावून करतात. माझ्या मते चूक इथेच होते आणि तिची किंमत मांडीच्या मागचा स्नायू मोजतो.

वेगाचे शास्त्र समजून घ्यायला जागतिक इनडोअर स्पर्धेतली पुरुषांची ६० मीटर शर्यत उत्तम. छताखालच्या धावपट्टीचा फेरा २०० मीटरचा असतो, तिथे १०० मीटरची सरळ पट्टी सहसा बसत नाही. म्हणून हे अंतर. २०२२ मध्ये बेलग्रेडला इटलीचा मार्सेल जेकब्स आणि अमेरिकेचा ख्रिश्चन कोलमन, दोघांचीही वेळ ६.४१ सेकंद नोंदली गेली. निकाल हजारांश सेकंदांवर लागला आणि जेकब्स जिंकला. विश्वविक्रम कोलमनचाच आहे: २०१८ मधला, ६.३४ सेकंद.

एवढ्या वेळात दमसासाचा प्रश्नच येत नाही. ऊर्जा मुख्यतः स्नायूंत आधीच साठवलेल्या क्रिएटिन फॉस्फेटमधून मिळते. हा साठा काही सेकंदांच्या पूर्ण जोरातच बराचसा संपतो आणि भरून यायला तीन ते पाच मिनिटे लागतात. मेंदूकडून स्नायूंना जाणारे संदेशही ताजेतवाने असावे लागतात. थकलेला मुलगा कितीही जोर लावो, तो वेगाचा नाही, सावकाश धावण्याचाच सराव करत असतो.

धोकाही थकव्यातच वाढतो. पाय पुढे झेपावून जमिनीला टेकण्याच्या आधीच्या क्षणी हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीचा मागचा स्नायू, ताणला जात असतानाच पायाला लगाम घालतो. दमलेला, कमकुवत किंवा न तापलेला स्नायू तिथे दगा देतो. मग कोणी दुखणे दाबायला गोळी घेतो, कोणी इंजेक्शन टोचून मैदानात उतरतो. वेदना ही शरीराची सूचना आहे. ती बंद केल्याने फाटलेला स्नायू सांधत नाही. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी १५ गुण १०० मीटरचे. एका चुकीच्या आठवड्यापायी भरती हुकते आणि वयोमर्यादा काही थांबत नाही.

उपाय खर्चिक नाही. आधी १५-२० मिनिटे अंग तापवावे: हलके धावणे, गुडघे उचलणे, वेग हळूहळू वाढवत दोन-तीन धावा. मग २० ते ६० मीटरच्या पाच-सहा धावा पूर्ण जोरात आणि प्रत्येकीनंतर तीन ते पाच मिनिटे विश्रांती. वेळ घसरू लागली की त्या दिवसाचा सराव संपला. असे दिवस आठवड्यातून दोनच आणि त्यांत किमान ४८ तासांचे अंतर. जोडीला नॉर्डिक व्यायाम: गुडघ्यांवर बसायचे, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे आणि धड सावकाश पुढे झुकवायचे. फुटबॉलपटूंवरील अभ्यासांत या व्यायामाने हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्याचे दिसले आहे.

कोणी म्हणेल, भरतीत १६०० मीटरही असतेच की. असते, म्हणूनच तिचा सराव वेगळ्या दिवशी करावा. दोन्ही एकाच पहाटे कोंबले, की एकही धड होत नाही.

आपल्याकडे वेगवान मुले नाहीत, ही समजूत तेजस शिरसेने खोटी ठरवली आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या देवगाव रंगारीच्या या मुलाने मे २०२४ मध्ये फिनलंडला ११० मीटर अडथळा शर्यतीत १३.४१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. इनडोअर मोसमात तो ६० मीटरचे अडथळेही धावतो.

गावाला इनडोअर स्टेडियम कोणी मागत नाही. शाळेच्या मैदानात किंवा गायरानात खडे वेचून, रोलर फिरवून ८०-९० मीटरची सपाट मातीची पट्टी केली, तर ६० मीटर धावून थांबायलाही जागा उरते. ग्रामपंचायतीच्या आवाक्यातले हे काम आहे. मुले डांबरावरून मातीवर आली आणि दोन धावांच्या मध्ये निवांत बसू लागली, तर त्यांना आळशी म्हणू नका. त्या बसण्यातच त्यांचा वेग भरून येत असतो.