लहानपणी काय व्हायचे होते?

परवा दवाखान्यात पंचेचाळिशीचे एक गृहस्थ आले. कोळसा खाणीत नोकरी, पगार वेळेवर, मुले शिकत आहेत. तक्रार एकच, "डॉक्टरसाहेब, झोपच नाही लागून राहिली." रक्तदाब पाहिला, साखर तपासली, कार्डिओग्राम काढला. सारे ठीक. ('मनाचे आहे' असे म्हणण्याआधी एवढे पाहायलाच हवे.) मग सहज विचारले, "लहानपणी काय व्हायचं होतं?" ते हसले, "मास्तर" म्हणाले आणि अर्धा तास बोलत राहिले. बाहेर रांग खोळंबली.

वाचकहो, स्वप्ने बदलतात यात वावगे काही नाही. सात वर्षांच्या पोराला एस.टी.चा ड्रायव्हर व्हायचे असते, कारण त्याला हॉर्न वाजवायचा असतो. पन्नाशीत बसून असे मागे वळून पाहायला मिळते, हीच मोठी गोष्ट. राम गणेश गडकरी आपल्या सावनेरात १९१९ साली क्षयाने गेले, तेव्हा ते अवघे तेहतीस वर्षांचे होते.

मूल्यांचे मात्र वेगळे आहे. शाळेत लबाडी करणाऱ्याशी कट्टी घेणारा मुलगा मोठेपणी खोटे मेडिकल सर्टिफिकेट मागायला येतो, तेही स्वतःच्या पोराला सोबत घेऊन! ते मी देत नाही. पण म्हणून माझे हात स्वच्छ आहेत असे नाही. एम.बी.बी.एस.ला असताना ठरवले होते, गरज नसता सुई टोचायची नाही. काही वर्षे पाळले. "अशक्तपणा आला, सलाईन लावा" म्हणणाऱ्याला नाही म्हटले की तो दुसरीकडे जाई. शेवटी एक दिवस लावली. अर्धा लिटरच्या पाच टक्के ग्लुकोजच्या बाटलीत असते काय? पंचवीस ग्रॅम साखर, म्हणजे पाच-सहा चमचे. जेवू शकणाऱ्या माणसाने ती शिरेतून घ्यायची आणि वर पैसेही मोजायचे! हे माहीत असून आजही मी कधीतरी लावतो. परिस्थितीला दोष देणे सोपे आहे. मला तो पटत नाही.

सेवाग्रामला वाढलेले अभय बंग आणि त्यांचे बंधू यांनी शाळकरी वयातच वाटून घेतले होते, एकाने शेती पाहायची, दुसऱ्याने आरोग्य. नागपूरला डॉक्टर होऊन अभय बंगांनी डॉ. राणी बंग यांच्यासह १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' सुरू केली. गावातल्याच बायांना शिकवून त्यांनी ३९ गावांतील नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आणले. ते संशोधन १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. पण याच माणसाला चव्वेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गाठले. 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकात त्यांनी ते सारे लिहिले आहे. तेव्हा स्वप्न मोडले की आजार येतो आणि पुरे झाले की टळतो, असा सोपा हिशेब कोणी मांडला तर विश्वास ठेवू नका. तेल, तंबाखू, चालणे, झोप यांचा हिशेब वेगळाच चालतो.

त्या गृहस्थांना झोपेची गोळी दिली नाही. दुपारनंतरचा चहा बंद, रात्रपाळीनंतर खोली अंधारी करून झोपणे, आणि संध्याकाळी मोकळे असाल तेव्हा वस्तीतल्या दोन पोरांचे गणित घेणे, एवढे सांगितले. पंधरा दिवसांनी आले. झोप थोडी सुधारली आहे. पोरे मात्र पळून जातात म्हणाले.