सही करण्यापूर्वी : व्यवहारातले इंग्रजी वाचायला शिका



इंग्रजीचा विषय निघाला की आपल्याकडे सारा भर बोलण्यावर असतो. मुलगा पाहुण्यांसमोर चार वाक्ये इंग्रजीत बोलला की आईवडिलांना समाधान वाटते, आणि ते वाटावेही. पण नोकरीचे नेमणूकपत्र, बँकेचे कर्ज, बोटीवरचा करार, विम्याची पॉलिसी ही सारी कामे कागदावर होतात. तेथे समोरचा माणूस बोलतो मराठीत किंवा हिंदीत, आणि सही घेतो इंग्रजी कागदावर. म्हणून ज्याला इंग्रजी बोलता येत नाही पण नीट वाचता येते, तो व्यवहारात सहसा फसत नाही.

दहावी-बारावी झालेल्या आपल्या मुलामुलींची अडचण वेगळीच असते. त्यांना इंग्रजी अगदीच येत नाही असे नाही. वर्तमानपत्राचे मथळे कळतात, अर्ज भरता येतो. पण बँकेचे दोन पानी पत्र हातात आले की तिसऱ्या ओळीला गाडी अडते. शब्द ओळखीचे दिसतात, वाक्याचा अर्थ मात्र लागत नाही. ही शिकण्यातली मधली पायरी आहे. पुष्कळजण येथेच थांबतात आणि आपले इंग्रजी कच्चे आहे असे म्हणून कागद दुसऱ्याच्या हाती देतात. ही पायरी कशी चढायची ते या अंकी पाहू.

ओळखीचे शब्द, अनोळखी अर्थ

पहिली अडचण अवघड शब्दांची नसते, सोप्या शब्दांची असते. शाळेत 'प्रिन्सिपल' म्हणजे मुख्याध्यापक. कर्जाच्या कागदात तो शब्द मुद्दलासाठी येतो. (दोन्हींचे स्पेलिंग एकच.) 'इंटरेस्ट' म्हणजे आवड हे आपण शिकलो, बँकेत ते व्याज, आणि मालमत्तेच्या कागदात हक्क किंवा हितसंबंध. 'सिक्युरिटी' म्हणजे दारावरचा पहारेकरी नव्हे, ते तारण. 'कन्सिडरेशन' म्हणजे विचार नव्हे, करारातला मोबदला. 'ऑनर' म्हणजे सन्मान खरा, पण चेक 'ऑनर' झाला म्हणजे वटला. 'एक्झिक्यूट' म्हणजे दस्त सही करून पुरा करणे.

अशा शब्दांची एक वही करा. डाव्या बाजूला शाळेतला अर्थ, उजव्या बाजूला व्यवहारातला. पन्नास शब्द जमले की निम्मे पत्र आपोआप उलगडू लागते. शब्दकोश पाहताना पहिला अर्थ घेऊन थांबू नका. आपल्या कामाचा अर्थ पुष्कळदा तिसरा किंवा चौथा असतो.

छोटे शब्द, मोठे ओझे

दुसरी अडचण जोडशब्दांची. वाचताना आपण मोठ्या शब्दांवर थांबतो आणि छोट्यांवरून घसरून जातो. करारातले खरे वजन मात्र छोट्या शब्दांवर असते.

'शॅल' आले की ती गोष्ट करावीच लागेल. 'मे' आले की करण्याची मुभा आहे, सक्ती नाही. 'बँक मे' असे असेल तर बँकेची मर्जी. 'बॉरोअर शॅल' असे असेल तर कर्जदारावर बंधन. एखाद्या पानावर कोणापुढे किती 'शॅल' आणि कोणापुढे किती 'मे' आहेत एवढे मोजले, तरी करार कोणाच्या बाजूला झुकला आहे ते कळते.

'सब्जेक्ट टू' म्हणजे अमुक अटीच्या अधीन राहून. पुढची अट पुरी झाली नाही तर मागचे आश्वासन लागू होत नाही. 'अनलेस' म्हणजे तसे झाले नाही तर. 'नॉटविथस्टँडिंग' म्हणजे इतरत्र काहीही लिहिले असले तरी. हा शब्द दिसला की समजावे, मागे वाचलेले काही येथे बाजूला सारले जात आहे. 'नॉट लेटर दॅन' म्हणजे त्या तारखेपर्यंत, नंतर नाही.

तारखेचेही तसेच. पंधरा दिवस पत्राच्या तारखेपासून मोजायचे की पत्र हाती पडल्यापासून, हे एका शब्दावर ठरते. चेक न वटल्याच्या प्रकरणात कायद्याने पैसे भरण्यासाठी मिळणारे १५ दिवस नोटीस मिळाल्यापासून धरतात. अशा वेळी पाकिटावरचा शिक्का आणि पोहोच जपून ठेवावी.

बचत गटातल्या भगिनींनी एक शब्दजोडी तोंडपाठच करावी : 'जॉइंटली अँड सेव्हरली'. तिचा अर्थ, सगळ्या मिळून आणि प्रत्येकजण स्वतंत्रपणे. दहाजणींनी या शब्दांखाली एक लाखाच्या कर्जावर सही केली, तर प्रत्येकीची जबाबदारी दहा हजारांची राहात नाही. इतर नऊजणींनी हात वर केले तर बाकी राहिलेली सारी रक्कम एकीकडेही मागता येते.

जामीनकीचेही असेच आहे. भारतीय करार कायदा, १८७२, याच्या १२८ व्या कलमानुसार, करारात वेगळे लिहिले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. 'आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या' असे सांगण्याची सोय जामीनदाराला सहसा नसते. भावकीतल्या माणसाने 'नुसती सही हवी आहे' म्हटले, तरी कागदावर 'गॅरंटर' हा शब्द कोठे आहे ते आधी शोधावे.

सहा प्रश्न

आता वाचण्याची पद्धत. कोणताही कागद दोनदा वाचायचा. पहिल्या वेळी शब्दकोश बंद. पेन्सिल हाती घेऊन नावे, रकमा आणि तारखा यांखाली रेघ मारायची, न कळलेल्या शब्दाभोवती गोल करायचा, पण थांबायचे नाही. दुसऱ्या वेळी कागदाला सहा प्रश्न विचारायचे : कोणी कोणाला लिहिले आहे? कोणी काय करायचे आहे? कधीपर्यंत? किती पैसे? कोणत्या अटीवर? आणि तसे झाले नाही तर काय?

नमुना म्हणून हे वाक्य घ्या : 'द लोन शॅल बी डिसबर्स्ड सब्जेक्ट टू सबमिशन ऑफ द ओरिजिनल टायटल डीड्स नॉट लेटर दॅन ३० जून, फेलिंग विच द बँक मे कॅन्सल द सँक्शन.' घाईने वाचणाऱ्याला एवढेच दिसते की कर्ज मिळणार. सहा प्रश्न विचारून पाहा. बँक कर्जाची रक्कम देईल. पण जागेचे मूळ दस्त सादर केले तरच. तेही ३० जूनपर्यंत. आणि 'फेलिंग विच', म्हणजे तसे न केल्यास, बँकेला मंजुरी रद्द करण्याची मुभा. रकमेचा प्रश्न येथे अनुत्तरित राहिला, म्हणून तो आकडा पत्रात दुसरीकडे शोधायचा. वाक्य कर्जाचे असले तरी पहिले काम आपल्यावरच येऊन पडले आहे, हे आता दिसते.

सहावा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आणि नेमका तोच विसरला जातो. चांगले झाले तर काय मिळेल हे पत्राच्या सुरुवातीला असते. बिघडले तर काय होईल हे शेवटच्या पानावर.

गुहागरचा धडा

याचे मोठे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. गुहागर तालुक्यात अंजनवेल-वेलदूर येथे दाभोळ वीज प्रकल्प उभा राहिला, त्यामागे एक जाडजूड इंग्रजी करार होता. डिसेंबर १९९३ मध्ये एन्रॉनच्या दाभोळ पॉवर कंपनीने महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी वीजखरेदीचा हा करार केला. त्यातल्या एका तरतुदीचा साधा अर्थ असा होता की, प्रकल्प वीज देण्यास सज्ज असेल तर मंडळाने ती घ्यावी अथवा न घ्यावी, प्रकल्पाच्या क्षमतेचा आकार द्यावाच लागेल. शिवाय दराचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला होता. रुपया घसरला की वीज महाग.

१९९५ मध्ये राज्य सरकारने करार रद्द केला, पुन्हा वाटाघाटी झाल्या, मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. बिले पेलेनाशी झाली आणि मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबविले. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉन कंपनीच अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. बंद पडलेला प्रकल्प हाती घेण्यासाठी २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन झाली.

मंडळात इंग्रजी जाणणारे अधिकारी होते, वकील होते. तेव्हा हा भाषा न येण्याचा प्रश्न नव्हता. 'वीज लागली नाही तर काय? रुपया पडला तर काय?' या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत मांडून पाहण्याचा हा प्रश्न होता. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेतील गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्येच या प्रकल्पाचा तांत्रिक व आर्थिक अभ्यास प्रसिद्ध केला होता. संत हे शिक्षणाने अभियंते. आपणही आपल्या लहान कागदापुढे कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडून बसावे. कागदातल्या प्रत्येक 'जर'पुढे रुपयांचा आकडा लिहून पाहावा.

आंबा परदेशी पाठविणाऱ्यांनाही हे लागू आहे. भाव एकच दिसतो, पण पुढे 'एफ.ओ.बी.' लिहिले असेल तर माल बोटीवर चढेपर्यंतचा खर्च आपला आणि पुढचे भाडे घेणाऱ्याचे, 'सी.आय.एफ.' असेल तर बोटीचे भाडे आणि विमा आपल्याच भावात धरलेला. तीन अक्षरे न वाचता भाव ठरविला तर नफा भाड्यात जातो.

चार आठवड्यांचा सराव

रोज वीस मिनिटे पुरेत. पहिल्या आठवड्यात घरातलेच इंग्रजी कागद गोळा करा : विमा पॉलिसी, गॅरंटी कार्ड, बँकेची पत्रे. त्यांतून शब्दांची वही सुरू करा.

दुसऱ्या आठवड्यात रोज एक पान घेऊन फक्त 'शॅल', 'मे', 'सब्जेक्ट टू', 'अनलेस' यांना रंगीत पेन्सिलीने खूण करा आणि प्रत्येक वाक्य आपल्या बोलीत सांगा.

तिसऱ्या आठवड्यासाठी एक उत्तम साधन आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांसाठी 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' म्हणजे ठळक बाबींचे पत्रक द्यावे लागते, आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे लागते. व्याज व इतर खर्च धरून वर्षाला खरा दर किती पडतो, हे त्यात एका आकड्यात असते. जे शुल्क या पत्रकात नाही, ते कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवाचून पुढे लावता येत नाही. घरात कोणी कर्ज काढत असेल तर हे पत्रक मराठीत मागून घ्या, इंग्रजी करार शेजारी ठेवा, आणि एकेक कलम जुळवून वाचा. कर्जही कळेल आणि इंग्रजीही.

चौथ्या आठवड्यात दोघांनी मिळून वाचा. एकाने वाचायचे, दुसऱ्याने सहा प्रश्न विचारायचे. आईला इंग्रजी येत नसेल तर प्रश्न तिला विचारू द्या. संसार केलेल्या बाईइतके नेमके प्रश्न पैशांबद्दल दुसरे कोणी विचारीत नाही, आणि तिला समजेल असे सांगता आले म्हणजे आपल्याला खरोखर कळले. रत्नागिरी शहरात १८२८ साली स्थापन झालेले जिल्हा नगर वाचनालय आहे. तेथे किंवा आपल्या गावच्या वाचनालयात इंग्रजी दैनिक येत असेल तर त्याचे व्यापारपान आठवड्यातून दोनदा वाचावे.

वाचण्याचा हक्क

'वाचत काय बसलात, सगळे असेच सही करतात' असे ऐकू आले तर संकोच करू नका. किनाऱ्यावरच्या गावांतून बोटीवर जाणाऱ्या तरुणांनी तर हे पक्के लक्षात ठेवावे. भारताने २०१५ मध्ये स्वीकारलेल्या सागरी कामगार करारानुसार, सही करण्यापूर्वी नोकरीचा करार तपासून पाहण्याची आणि त्यावर सल्ला घेण्याची संधी खलाशाला मिळालीच पाहिजे. नोकरी लावून देण्याबद्दल त्याच्याकडून फी घेता येत नाही. एजंट कागद घरी नेऊ देत नसेल, तर तेवढ्यावरूनच काय ते ओळखावे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२५ ते १९२८ या काळात मुंबईच्या बाटलीबॉय अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवीत होते, हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसते. करार, हुंडी, जामीनकी हे त्या कायद्याचे नेहमीचे विषय. बाबासाहेबांनी शिकविलेला हा विषय आपल्या घरात परका राहू नये.

या आठवड्याचा अभ्यास : घरातला एक इंग्रजी कागद काढा, सहा प्रश्नांची उत्तरे मराठीत लिहा, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर कागदात सापडले नाही त्याखाली रेघ मारा. बँकेत किंवा कचेरीत गेल्यावर पहिला प्रश्न तोच विचारा. पुढील अंकी नेमणूकपत्र कसे वाचावे ते पाहू.