जोडीदाराचे नाव लपवू नका

नागपुरातल्या हुडकेश्वरच्या तरुणीचा जोडीदार जर्मनीत असेल आणि लग्न झालेले नसेल, तर त्याला भेटायला जायचा सोपा रस्ता अल्पमुदतीच्या भेट व्हिसाचाच. जर्मनीसाठी लागणाऱ्या या शेंगेन व्हिसाचे शुल्क जून 2024 पासून 90 युरो. वर किमान 30 हजार युरोंचे संरक्षण देणारा प्रवास विमा. अर्ज फेटाळला तरी शुल्क बुडाले.

‘मित्राचं नाव कशाला टाकते, फिरायला चालली म्हणून लिही ना!’ हा सल्ला अशा वेळी हमखास मिळतो. तो घातक आहे. जोडीदाराला तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून खर्चाचे हमीपत्र काढून पाठवता येते. नावच लपवले, तर हा भक्कम कागद जोडणार कुठे? शिवाय खोटी माहिती उघडी पडली की पुढचे अर्जही अडचणीत. पगारपत्रक आणि कार्यालयाचे रजापत्र ती परतणार आहे, हे सांगतात.

अमेरिकेचा खाक्या आणखी कडक. तिथल्या स्थलांतर कायद्याच्या कलम 214 (बी) नुसार अर्जदार तिथे कायमचा राहायलाच चालला आहे, असे आधी गृहीत धरतात. ते खोडून काढायचे मुंबईच्या वकिलातीत, काही मिनिटांत. नकारावर अपील नाही.

शेंगेन देश निदान नकाराचे कारण लेखी देतात, दाद मागू देतात. शुल्क घेणाऱ्या प्रत्येक देशाने एवढे तरी केलेच पाहिजे.