जिनिव्हाला चालणारी मराठी मुंबईला का चालत नाही?

मागच्या पावसाळ्यात धरमपेठेत, लक्ष्मीभवन चौकाजवळ आम्ही दोघं चहा घेत बसलो होतो. समोर वर्ध्याकडचे एक फॅब्रिकेटर काका, मधे माझा लॅपटॉप. काकांनी एक जोडणी बनवली होती : एकाच दांडीवर कधी वखराची पास लावा, कधी फाळ. त्याचा पेटंट अर्ज मी इंग्रजीत लिहीत होतो. लिहिलेलं मराठीत समजावून सांगितलं, तर काका म्हणाले, "पोरा, पासलेही ब्लेड अन् फाळालेही ब्लेड? ब्लेड काढून ब्लेड लावलं, मंग म्या बनवलं काय?"

बरोबर होतं त्यांचं. पेटंटमध्ये शब्द म्हणजे शेताचा धुरा. तुमची मालकी कुठपर्यंत, हे दाव्यातले शब्द ठरवतात. मसुदा पुन्हा लिहिण्यात दोन आठवडे गेले. इथे नियम असा, की आधी अर्ज करेल त्याचा हक्क. म्हणजे ते दोन आठवडे काकांच्या खिशातून गेले, आणि का? तर अर्ज मराठीत देता येत नाही म्हणून.

पेटंट नियम 2003 मधला नियम 9 सांगतो : कागदपत्रं हिंदीत किंवा इंग्रजीत. मुंबईचं पेटंट कार्यालय महाराष्ट्राचं, तरी तिथे मराठी नाही.

आता गंमत बघा. भारत 7 डिसेंबर 1998 पासून पीसीटी करारात आहे. एका अर्जावर दीडशेहून जास्त देशांत पेटंट मागायची वाट या करारामुळे उघडते. हा अर्ज जिथे देतात ते 'स्वीकार कार्यालय'. आपली स्वीकार कार्यालयं इथेही इंग्रजी आणि हिंदीच घेतात. पण जिनिव्हाचं आंतरराष्ट्रीय ब्युरोही स्वीकार कार्यालय आहे, आणि ते कुठल्याही भाषेतला अर्ज घेतं. मराठीसुद्धा! अट एवढीच, की भाषांतर ठरलेल्या मुदतीत द्यायचं. तारीख मात्र मूळ अर्जाची. अर्थात भारतात राहणाऱ्याला थेट परदेशात अर्ज करायचा तर कलम 39 खाली आधी परवानगी काढावी लागते. म्हणजे मराठीत अर्ज करायला काकांनी आधी सरकारची परवानगी काढायची आणि मग स्वित्झर्लंड गाठायचं.

"तपासनिसांना मराठी येत नाही," हे ठरलेलं उत्तर. मग हिंदीचं काय? पीसीटीचे अर्ज दहा भाषांत प्रसिद्ध होतात. त्यात अरबी आहे, कोरियन आहे, हिंदी नाही. हिंदीत दिलेल्या आंतरराष्ट्रीय अर्जाचंही भाषांतर द्यावंच लागतं. भाषांतर जोडून हिंदी चालते, तर भाषांतर जोडून मराठी का नाही? यात तांत्रिक अडचण कुठली? युरोपचं पेटंट कार्यालयही कुठल्याही भाषेतला अर्ज घेतं आणि भाषांतराला दोन महिने देतं. त्यांच्याकडे काय मराठी तपासनीस बसलेत?

तपासणी मराठीत करा, असं मी म्हणत नाही. बावीस भाषांत तपासणी शक्य नाही, हे मान्य. मागणी एवढीच : अर्ज मराठीत घ्या, त्या दिवसाची तारीख द्या, भाषांतराला दोन महिने द्या, आणि वाद झाला तर मूळ मराठी शब्द बघा. नियम 9 मध्येच कंट्रोलरला वेगळी मुभा देण्याचा अधिकार लिहिलेला आहे. त्यासाठी संसदेची वाट बघायची गरज नाही.

आणि हे सगळं नागपुरात बोलायलाच हवं. धरमपेठेतून सिव्हिल लाइन्सकडे निघालात, की थोड्याच वेळात राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था लागते. पेटंट तपासनिसांचं प्रशिक्षण तिथे होतं. ते ज्या गावात शिकतात, त्या गावच्या भाषेतला अर्ज त्यांच्या खात्याला चालत नाही.

ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण स्टेटस ठेवले. ठेवा की. पण ज्या भाषेत आपल्या शोधावर हक्क सांगता येत नाही, ती अभिजात असून काकांना काय उपयोग?