गोळी सोडून चूर्ण नको

मधुमेह आता शहरापुरता राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ग्रामीण भागातील ८.९ टक्के प्रौढांना तो आढळला. आठवडी बाजारातली जांभूळ-कारल्याची चूर्णे घेऊन काहीजण गोळ्याच बंद करतात. हे जिवावर बेतू शकते. मेथीदाण्याने साखर थोडीफार उतरते, हे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या प्रयोगांत दिसले. पण मेथी म्हणजे गोळी नव्हे.

खरा प्रश्न ताटाचा आहे. त्याच पाहणीवरचा २०२५ चा अहवाल सांगतो, भाताच्या जागी नुसती भाकरी आणून भागत नाही. भात-भाकरी थोडी कमी करून डाळ, हरभरा, दूध वाढवले तर धोका घटतो. तूर-हरभरा तर आपल्याच शिवारात पिकतो. सगळा आडतीवर न घालता घरापुरता ठेवावा. तिशी ओलांडलेल्यांची रक्ततपासणी उपकेंद्रात होईल, हे ग्रामपंचायतीने पाहावे.