आरोग्यकेंद्र कोणाचे?

इमारत उभी राहिली, फलक लागला, म्हणजे आरोग्यसेवा खेड्यात पोहोचली, असा शासनयंत्रणेचा समज दिसतो. सपाट प्रदेशात ३० हजार व आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्यकेंद्र, हा निकष कागदावर चोख आहे. परंतु अडलेल्या बाळंतिणीला मध्यरात्री दार उघडे मिळते काय, सर्पदंशावरील प्रतिविष शिल्लक असते काय, याचे उत्तर निकषात नसते. ते गावकऱ्यांपाशी असते.

ते विचारण्याचा प्रयोग महाराष्ट्रात झालेला आहे. २००७ साली पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावांनी आपल्या केंद्राची पाहणी केली आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर गाऱ्हाणी मांडली. डॉक्टरांची गैरहजेरी, बाहेरून औषधे आणण्याची चिठ्ठी, या गोष्टींना जाहीर वाचा फुटली.

अशाने कर्मचाऱ्यांचे मनोधैर्य खचते, असा आक्षेप घेतला जातो. तो एकांगी आहे. परिचारिकेचे पद रिक्त का, औषधपुरवठा रखडतो का, हे प्रश्नही त्याच सभेत विचारता येतात. त्यांचे उत्तर वरिष्ठांनाच द्यावे लागते.

रुग्णकल्याण समित्या आजही आहेत. पण सभासदांनाच आपले सभासदत्व ठाऊक नसेल, तर त्या असून नसल्यासारख्याच. औषधसाठा व रिक्त पदे दर महिन्यास फलकावर लागावीत, खर्चाचा हिशेब ग्रामसभेत वाचला जावा. गावातील शिक्षकांनी व सुशिक्षित तरुणांनी हा आग्रह धरला पाहिजे. न विचारणाऱ्या गावाला उत्तर देण्याची तसदी कोणतीही यंत्रणा घेत नसते.