जंगल कागदावरचे की जमिनीवरचे?

जून २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ बाहेर पडला. गळ्यात रेडिओ कॉलर असल्याने त्याच्या वाटचालीची नोंद होत राहिली. विदर्भ, मराठवाडा आणि तेलंगणाचा सीमाभाग पालथा घालून, सुमारे १३०० किलोमीटरचे अंतर कापून डिसेंबरमध्ये तो बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. ‘वॉकर’ या नावाने त्याची देशभर चर्चा झाली. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये टिपेश्वरचाच आणखी एक वाघ धाराशिव जिल्ह्यातील येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात दिसून आला. या दोन्ही प्रवासांतील कौतुकाचा भाग सोडला, तरी एक गोष्ट उरते. वाघांची ही वाट मोठ्या प्रमाणावर शेते, नाले, माळरान आणि झुडपे यांतून गेली. त्यातील बरीचशी जमीन सरकारदप्तरी जंगल नाही.

पर्यावरणविषयक कायदे सौम्य केले जात असल्याची जी चिंता गेली काही वर्षे व्यक्त होत आहे, तिचा यवतमाळ जिल्ह्याशी असलेला संबंध इथूनच सुरू होतो. वन संवर्धन कायदा १९८० चा. मात्र वन म्हणजे काय, याची व्याख्या त्यात नव्हती. गोदावर्मन खटल्यात १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती उणीव भरून काढली. मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातील अर्थाने जे वन आहे ते वनच, असा तो आदेश होता. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने या कायद्यात दुरुस्ती केली. ती १ डिसेंबर २०२३ पासून लागू झाली. कायद्याचे नाव ‘वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम’ असे झाले. नाव भारदस्त झाले, परंतु व्याप्ती आखडली. वन म्हणून अधिसूचित झालेली, किंवा २५ ऑक्टोबर १९८० रोजी वा त्यानंतर सरकारी अभिलेखात वन म्हणून नोंदलेली जमीन, एवढ्यापुरताच तो उरला.

या बदलाचे समर्थन करणाऱ्यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. शेताच्या बांधावर झाडे वाढू दिली तर उद्या जमीन ‘वन’ ठरेल, ही धास्ती खासगी जमीनधारकांना होती. त्यामुळे वृक्षलागवडच खुंटते, असे केंद्राचे म्हणणे होते. पण बांधावरच्या सागासाठी सवलत देणे वेगळे, आणि नोंद नाही म्हणून उभ्या रानाला संरक्षणाबाहेर ठेवणे वेगळे. दुरुस्तीने या दोहोंत फरक ठेवला नाही.

वऱ्हाडात हा फरक विशेष जाणवतो. पूर्व विदर्भातील ‘झुडपी जंगल’ निदान नावाने तरी जंगल आहे. त्या जमिनी १९९६ च्या आदेशानुसार वनच मानाव्या लागतील, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला. यवतमाळसह वऱ्हाडाच्या महसुली वर्गवारीत मात्र ‘ई-क्लास’ जमिनी आहेत. गावाची गुरे चरावीत, सरपण मिळावे, यासाठी राखलेल्या या जमिनी महसूल खात्याच्या अखत्यारीत येतात. कित्येक ठिकाणी त्यांवर पळस, बाभूळ, बोर यांची दाट वाढ आहे. प्रत्यक्षात रान, सातबाऱ्यावर सरकारी पडीक. ‘झुडपी जंगल’ला जे नावाने तारले, ते या जमिनींच्या वाट्याला आलेले नाही.

दुरुस्तीला आव्हान देणाऱ्या याचिकांवर १९ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला. राज्यांनी नव्या नियमांनुसार नोंदी पूर्ण करीपर्यंत १९९६ चीच व्याख्या पाळावी, असे त्यात म्हटले आहे. अर्थात, दिलासा आहे तो नोंदी पूर्ण होईपर्यंतचा. १९९६ च्याच आदेशाने राज्यांना तज्ज्ञ समित्या नेमून अशी वने शोधावयास सांगितले होते, आणि हे काम एका पिढीत नीट पार पडले नाही. तेव्हा आता होणाऱ्या यादीत कोणता सर्व्हे नंबर येतो आणि कोणता गळतो, यावर यवतमाळच्या माळांचे भवितव्य ठरणार आहे. यादी तयार करणारे खाते आणि जमीन मागणारे खाते बहुधा एकाच सरकारचे असते, हेही विसरून चालत नाही.

जिल्ह्याच्या पूर्व टोकाला प्रश्न वेगळ्या रूपात उभा आहे. वणी परिसरात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खुल्या खाणी आहेत. मातीचे डोंगर, कोळशाच्या ट्रकांची रांग आणि रस्त्यालगत काळवंडलेला कापूस, ही तेथील शेतकऱ्यांची जुनी तक्रार. ती अधिकृतपणे नोंदवून घेतली जाण्याची जागा म्हणजे जनसुनावणी. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार प्रकल्पाच्या पर्यावरणीय परिणामांवर तीस दिवसांची सूचना देऊन सुनावणी घ्यावी लागते, आणि जिल्हाधिकारी वा त्यांचा प्रतिनिधी तिथे अध्यक्षस्थानी असतो. सुनावणीत प्रकल्प अडतोच असे नाही. किंबहुना तो क्वचितच अडतो. तरीही बोललेला शब्द इतिवृत्तात जातो आणि पुढे न्यायालयात कामी येतो.

ही जागा संसदेत चर्चा न होताच आक्रसली. २०१७ मध्ये कोळसा खाणींना ४० टक्क्यांपर्यंतच्या क्षमतावाढीसाठी सुनावणीतून सूट मिळाली. मे २०२२ मध्ये, उन्हाळ्यात विजेची ओरड चालू असताना, ही मर्यादा ५० टक्क्यांपर्यंत नेण्यात आली. दोन्ही निर्णय मंत्रालयाच्या कार्यालयीन परिपत्रकांनी झाले. जास्तीची जमीन घेतली जात नाही, मग लोकांना पुन्हा विचारावयाचे कशासाठी, हा त्यामागील तर्क. पण वर्षाला वीस लाख टनांची खाण तीस लाखांवर गेली, तर जमीन तीच राहिली तरी ट्रक दीडपट होतात. धूळ काही खाणीच्या हद्दीपाशी थांबत नाही.

२०२० च्या मसुद्याचे उदाहरण याच्या शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहे. सुनावणीच्या सूचनेची मुदत तीसवरून वीस दिवसांवर आणण्यासह अनेक सवलती त्या मसुद्यात होत्या. टाळेबंदीच्या काळातही लाखो नागरिकांनी त्यावर हरकती पाठविल्या आणि मसुदा अंतिम झाला नाही. परिपत्रकांवर मात्र हरकती मागविल्या जात नाहीत. मसुद्याने जे साधले नाही, त्यातील काही परिपत्रकांनी गाजावाजा न होता साधले.

शिक्षेच्या बाबतीतही तेच. पर्यावरण (संरक्षण) कायद्यातील पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद ‘जनविश्वास’ कायद्याने काढली आणि १ एप्रिल २०२४ पासून दहा हजार ते पंधरा लाख रुपये दंड आला. कारावास प्रत्यक्षात फारसा कोणाला झाला नव्हता, हे खरे. परंतु मोठ्या खाणीला पंधरा लाख म्हणजे किरकोळ खर्च.

न्यायालयाकडे डोळे लावून बसणाऱ्यांनाही २०२५ ने धडा दिला. आधी बांधकाम, मग परवानगी हा प्रकार सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या ‘वनशक्ती’ संस्थेच्या याचिकेवर १६ मे रोजी बेकायदा ठरविला. सहा महिन्यांतच, १८ नोव्हेंबरला, दोन विरुद्ध एक मतांनी तो निर्णय मागे घेण्यात आला.

झरी-जामणी, केळापूर, मारेगाव या तालुक्यांतील कोलाम पोडांवर यातील सर्वांत खोल परिणाम संभवतो. कोलाम ही अतिअसुरक्षित मानली गेलेली आदिम जमात. सवलती देण्याची परंपरा जुनी आहे आणि ती एका पक्षाची नाही. २०१३ मध्ये तेव्हाच्या केंद्र सरकारने रस्ते, कालवे, वीजवाहिन्या यांना ग्रामसभेच्या संमतीतून वगळले. पण आदिम जमातींच्या हक्कांना बाधा येत असेल तेथे ही सूट दिली नाही. वनहक्कांची पूर्तता आणि ग्रामसभेची संमती आधी, मंजुरी नंतर, हा २००९ च्या परिपत्रकाचा क्रम होता. जून २०२२ च्या नियमांनी तो बदलला. वनहक्क कायदा जागेवर आहे, पण त्याच्या पूर्ततेची जबाबदारी राज्याकडे आणि केंद्राच्या अंतिम मंजुरीनंतर गेली. तोवर कंपनीने पर्यायी वनीकरणाची रक्कम भरलेली असते. पोडावरच्या ग्रामसभेने नाही म्हणावयाचे ठरविले, तर ते तिला दिल्लीची मंजुरी आणि भरलेला पैसा समोर असताना म्हणावे लागते.